सेट, सेटिंग, सेटल… या "सेट"ला मराठीत नक्की म्हणायचं काय?

अबोली_कर्वेनगर
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय. रविवारी सकाळी सासूबाई नेहमीसारख्या दुधात पोळी कुस्करून खात बसल्या होत्या आणि मी घरभर पळत होते. त्यांनी मधेच थांबवलं, म्हणाल्या "अगं सकाळपासून सहा वेळा सेट सेट म्हणालीस, दर वेळी निराळंच काहीतरी. सेट म्हणजे नक्की काय गं?"

मी आठवून बघितलं तर खरंच की. दही अजून सेट झालं नाही. दीराचा सेटचा पेपर जवळ आलाय. सेट टॉप बॉक्स परत गंडलाय. प्लंबर बेसिन सेट करायला अकराला येणारे. भाचीला द्यायचा मोत्यांचा सेट बघायला लक्ष्मी रोडला जायचंय. आणि फोनवर बहिणीला "चला, तुझं एकदाचं सगळं सेट झालं".

मी म्हटलं संच. त्यावर त्या म्हणाल्या "मग दह्याचा संच झाला का बघ". गप्प बसले.

तर प्रश्न असा की सेटला मराठीत एकच शब्द आहे का? आणि नसेल तर हा शब्द आपल्याकडे इतका कसा काय घुसला?

शनिवारकर
नाही. धागा बंद करायला हरकत नाही.

बिनधास्त_बाणेर
सेट आहे ताई धागा 😂

ग्रंथकीटक
सासूबाईंना सांगा की त्यांनी इंग्रजीतला सगळ्यात त्रासदायक शब्द पकडलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ ला आली, २० खंड, त्यात सेट या एका क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ दिलेत आणि नुसत्या तेवढ्या नोंदीचा मजकूर ६०,००० शब्दांचा आहे. छोटी कादंबरीच झाली ती. गिनीज बुकात होता हा विक्रम. आता मात्र रन पुढे गेलाय, नव्या आवृत्तीसाठी त्यांच्या संपादकाने एकट्या रन वर नऊ महिने काढले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले.

त्यामुळे एका मराठी शब्दात सांगायचा हट्ट सोडा. आपल्याकडे असा शब्दच नाही. मराठीची कुवत कमी आहे असं मी म्हणत नाही, पण एक शब्द ४३० कामं करतोय असं आपल्याकडे होत नाही.

खडूस_काका_६२
होत नाही आणि होऊही नये. ४३० कामं एकाने करणं ही श्रीमंती नाही हो, नोकर कमी असल्याचं लक्षण आहे.

आमच्या घरात दही लागायचं. तूप थिजायचं. पिठलं आळायचं. बासुंदी आटायची. वडी पडायची, आणि पडली नाही तर आई तोंड पाडून बसायची. आता सूनबाईंचं दही सेट, तूप सेट, वडी सेट, पिठलंसुद्धा "दोन मिनिटं सेट होऊ द्या बाबा". एका शब्दाने पाच क्रियापदं खाल्ली आणि वर तुम्ही त्याचे विक्रम सांगताय. दही लागलं म्हटलं की विरजण डोळ्यापुढे येतं, थिजलं म्हटलं की थंडी येते. सेट म्हटलं की काय येतं? फ्रीज.

चीजकेकवाली
काका पटलं पण मला एक सांगा, मी घरून ऑर्डर घेते केकच्या, माझा चीजकेक फ्रीजमध्ये सहा तास काय होतो? लागतो म्हणू? थिजतो म्हणू? गिऱ्हाईकाला "ताई चीजकेक आळतोय" असं कळवलं तर ऑर्डर कॅन्सल होईल. जो पदार्थ बाहेरून आला तो आपलं क्रियापद घेऊन आला, त्यात चूक काय.

खडूस_काका_६२
चीजकेकचं तुम्ही काहीही करा. पिठल्याला हात लावू नका.

नेट_सेट_रिसेट
दीरांना शुभेच्छा 🙏 मी चौथ्या अटेम्प्टला काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सेट म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी आपलं पुणे विद्यापीठच घेतं. पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह नाही त्यामुळे काहीही सोडून यायचं नाही हे दीरांना सांगा. हा सेट आद्याक्षरांचा, त्यामुळे डिक्शनरीतला ४३१ वा धरा.

आणि हो, सेट होऊन तीन वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे सेट झालोय पण सेट नाही. हे वाक्य माझ्या आईला कळतं, इंग्रजाला कळणार नाही.

बिनधास्त_बाणेर
हे वाक्य टीशर्टवर छापा राव

मास्तरीण_नारायणपेठ
ग्रंथकीटक, "असा शब्दच नाही" हे फार घाईत बोललात. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, मला तरी एक शब्द समोर दिसतोय. बसणे. आणि त्याचं प्रयोजक रूप बसवणे.

बघा हं. हिरा अंगठीत बसवतात. फरशी बसवतात. निखळलेलं हाड बसवतात. कवितेला चाल बसवतात. नाटक बसवतात. विस्कटलेली घडी नीट बसवतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज सेट म्हणेल किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. तुमचं बेसिनही प्लंबर बसवणारच आहे, तुम्ही उगाच सेट म्हणालात. आणि बहिणीचं सगळं सेट झालं म्हणजे काय, तर बस्तान बसलं!

नुसतं बसणे घेतलं तर विचारूच नका. घसा बसतो, धक्का बसतो, चटका बसतो, विश्वास बसतो, सवय बसते, शर्ट अंगाला बसतो, परीक्षेला मुलगा बसतो, हिशोबात पैसे बसतात, धंदा बसतो, घट बसतात, गणपती बसतात. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बसणें काढून बघा, नाहीतर दाते-कर्वे काढा, तो तर इथे पुण्यातच झाला.

शनिवारकर
आणि मित्र म्हणतात "शनिवारी बसायचं का", तो अर्थ बाईंनी गाळला. वर्गात शिकवला नसावा.

मास्तरीण_नारायणपेठ
वर्गात शिकवावा लागला नाही. मुलांना येत होता.

चीजकेकवाली
बाई थांबा थांबा. केक "बसला" म्हणजे मधून खड्डा पडला! माझ्या धंद्यात सेट झाला आणि बसला हे बरोब्बर उलट आहे. सेट झाला तर पैसे, बसला तर घरच्यांना खायला.

सिमेंट_आणि_मी
चीजकेकवालींशी १००% सहमत, आमच्या सिव्हिललाईनमध्ये तर बसला हा शब्द ऐकला की घाम फुटतो. भराव बसला, पाया बसला, मुरूम बसला, सगळं खाली जातं. आणि गंमत म्हणजे त्याला इंग्रजीत सेटलमेंट म्हणतात, म्हणजे इमारत सेटल होतेय याचा अर्थ ती खचतेय. लग्नाच्या जाहिरातीत "मुलगा सेटल्ड" वाचलं की मला कायम वाटतं कितीने? आणि दोन्ही पाय सारखे खचलेत की एका बाजूला कललाय?

सेट मात्र वेगळं. सिमेंट सेट होतं याची आमच्याकडे रीतसर चाचणी असते, विकॅटची सुई. ४० मिलीमीटर खोल साच्यात सिमेंटची लगदी भरायची आणि वरून १ चौरस मिलीमीटर टोकाची सुई सोडायची. सुरुवातीला ती सुळकन तळाला जाते. मग दर थोड्या वेळाने परत सोडायची. एका क्षणी ती तळाच्या साधारण ५ मिलीमीटर वर अडते, तो सुरुवातीचा सेट. साध्या सिमेंटला हा ३० मिनिटांच्या आत व्हायला नको आणि शेवटचा सेट ६०० मिनिटांच्या आत व्हायलाच हवा. सिमेंटमध्ये जिप्सम घालतात ते यासाठीच, नाहीतर पाणी लागल्या लागल्या घमेल्यातच दगड होईल. कॉलेजात पहिल्यांदा ती सुई अडताना बघितली तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत, तास झाला एक राखाडी लगदा आणि अचानक तो सुईला नाही म्हणतो.

आमचा मिस्त्री मात्र या सगळ्याला एवढंच म्हणतो, "सायेब, माल धरला." अंगठा दाबून बघतो, सुईबिई काही नाही, आणि चुकत नाही.

खडूस_काका_६२
धरला! बघा. हा शब्द. मिस्त्रीला नमस्कार सांगा.

जुना_शटलर
विषयांतर करतो आहे माफ करा पण सेटिंग म्हटलं की माझ्यासारख्या जुन्या बॅडमिंटनवाल्याला जे आठवतं ते आताच्या पोरांना माहीतच नसेल. २००६ ला २१ पॉइंटांची रॅली पद्धत आली त्याआधी १५ पॉइंटांचा गेम असायचा आणि सर्व्हिस तुमची असेल तरच पॉइंट. स्कोअर १३ ऑल झाला की जो आधी १३ ला पोचला होता त्याला हक्क असायचा, सरळ १५ पर्यंत खेळायचं की सेट करायचं. सेट केलं तर अजून ५ पॉइंट. १४ ऑलला केलं तर ३. दम लागलेला असताना समोरचा कमरेवर हात ठेवून शांतपणे "सेट" म्हणायचा ना, पोटात गोळा यायचा. तो एक शब्द म्हणजे मी अजून अर्धा तास थांबायला तयार आहे, तू आहेस का? डेक्कनला आमचा ग्रुप होता, त्यात एकजण होता जो फक्त हे म्हणता यावं म्हणून आधी १३ ला पोचायचा.

आणि या खेळाला पूर्वी लोक पूना म्हणत, आपल्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी १८७० च्या दशकात नियम लिहून काढले होते. त्यामुळे हा अर्थ तरी पुण्याचा म्हणायला हरकत नाही.

शनिवारकर
दुसरे सगळे अर्थही पुण्याचेच आहेत. चर्चा कशाला.

विंगेतून
मास्तरीणबाई, नाटकाचं उदाहरण दिलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे नाटक बसवतात आणि सेट लावतात. कधीही उलट होत नाही. "सेट बसवला" म्हणणारा माणूस बॅकस्टेजला नवा आहे हे लगेच कळतं, तसंच "नाटक लावलं" म्हणजे ते थिएटरात लावलं, पेपरात जाहिरात आली.

मी चार वर्षं सेट लावलेत. दुपारचा प्रयोग बालगंधर्वला संपला की पडदा पडतो न पडतो तोच आम्ही आत, कारण रात्रीच्या प्रयोगाचा टेम्पो मागच्या दाराला लागलेला असतो आणि त्यांचा मॅनेजर घड्याळ दाखवतो. दिवाणखान्याची भिंत म्हणजे कापड मारलेली लाकडी फ्रेम, मागून तिरका टेकू, टेकूवर वजन. प्रेक्षक अजून डोळे पुसत पायऱ्या उतरत असतात आणि इकडे नायिकेचं घर वीस मिनिटांत सपाट होऊन एकावर एक रचलेलं असतं. खिडकी सगळ्यात शेवटी, कारण ती नाजूक. एकदा घाईत खिडकी आधी भरली आणि वरून जिना ठेवला, तो अख्खा कोल्हापूर दौरा आम्ही बिनखिडकीच्या घरात केला. संवाद होता "खिडकी लाव गं, वारा येतोय". नटीने दार लावलं.

चीजकेकवाली
😂😂 दार लावलं

बिनधास्त_बाणेर
प्रभात रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, प्रभात १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली तेव्हापासून तिकडे सेटच सेट. तीच जागा १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट. आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी "सेटवर" म्हणजे फक्त तिथे, दुसरा सेट माहीतच नव्हता कुणाला.

खिळेजुळवे
छापखान्याचं कुणीच लिहिलं नाही. इंग्रजीत टाईप सेट करतात, आमच्याकडे खिळे जुळवायचे. वडील जुळारी होते, नारायण पेठेत. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खणांतून एकेक खिळा, अक्षर उलटं, आणि देवनागरीची जोडाक्षरं आणि काना मात्रा वेलांट्या मिळून इतके खण की माणूस दिवसभर उभ्याने डुलत काम करतो. वडील रिटायर झाल्यावरही भिंतीवरची पाटी आधी उजवीकडून वाचायचे. जुळवणे हा शब्द सेटपेक्षा किती तरी चांगला आहे, त्यात दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी येतात. बाकी काही म्हणायचं नाही.

ग्रंथकीटक
माझं मत थोडं बदलतोय. बाईंचं बसवणे वाचून रात्री व्युत्पत्ती धुंडाळत बसलो (बसलो!) आणि जे सापडलं त्याने झोप उडाली.

सेट हे क्रियापद म्हणजे सिटचं प्रयोजक. जुन्या इंग्रजीत सेटन, म्हणजे बसायला लावणे. अक्षरशः बस आणि बसव. बाईंनी वर्गात खडूने लिहावं तसं.

पुढे अजून. सिट आणि आपल्या संस्कृतमधला सद् हा धातू एकाच मुळातले. सदन म्हणजे बसायची जागा. संसद, परिषद, सभासद, सगळे बसलेले. उपनिषद म्हणजे जवळ खाली बसणं. घरट्याला संस्कृतात नीड म्हणतात, तो नि अधिक सद्, आणि इंग्रजीतला नेस्ट तोच शब्द. आणि मला सगळ्यात आवडलेला, प्रसन्न. प्र अधिक सद्. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसला आणि पाणी निवळलं की ते पाणी प्रसन्न. विषण्ण पण त्याच घरातला, तो जास्तच खाली बसलेला.

म्हणजे चीजकेकवालींचा केक विषण्ण झाला.

चीजकेकवाली
आता हे मी लेबलवर लिहिणार. "विषण्ण केक, अर्ध्या किमतीत"

मास्तरीण_नारायणपेठ
बसून राहिलात त्याचं सार्थक झालं. आता संचाचं सांगा. मोत्यांचा सेट, भांड्यांचा सेट, गणितातला सेट, टेनिसचा सेट, जिममधले तीन सेट, हॉटेलातला सेट डोसा, तीन येतात म्हणून सेट. इथे माझं बसवणे चालत नाही हे मी मान्य करते.

ग्रंथकीटक
चालणारच नाही बाई, कारण तो शब्दच वेगळा आहे! नाम असलेला हा सेट जुन्या फ्रेंचमधून आला आणि तो लॅटिन सेक्ताचा वंशज, म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. इंग्रजीतला सेक्ट तोच. दोन वेगळी माणसं एकाच नावाने एकाच घरात राहायला लागली आणि पुढे त्यांचे कपडेही एकमेकांत मिसळले. टीव्ही सेट किंवा नाटकाचा सेट यातला नेमका कुणाचा हे सांगताना कोशकारही जपून बोलतात.

विंगेतून
नाटकाचा सेट लावणाऱ्याचा.

शनिवारकर
ग्रंथकीटकरावांची थिअरी सुबक आहे, पण सूर्याचं काय? सनसेट. तिथेही बसणेवालाच सेट आहे ना? मराठीत सूर्य बसलेला मी तरी बघितला नाही. मावळतो, बुडतो, कलतो. पर्वतीवर रोज संध्याकाळी जातो, बसतात ती माणसं.

ग्रंथकीटक
हे बरोबर आहे. हरलो.

सोलापूरकर_पुण्यात
हसत हसत वाचत होतो, सिमेंटवाल्या दादांनी सेटलमेंट काढली तिथे थांबलो. आमच्या सोलापुरात सेटलमेंट हा वस्तीचा पत्ता आहे. रिक्षावाल्याला आजही तेवढंच सांगितलं तरी पोचवतो. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून पुढे एकेक करत कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि नंतर त्यांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, त्याला नाव दिलं सेटलमेंट. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, म्हणून आमच्याकडे विमुक्त दिन ३१ ऑगस्टला असतो.

माझी आजी तिथली. तिला बसवलं हा शब्द आवडायचा नाही. "आम्हाला बसवलं हितं" म्हणायची आणि पुढे बोलायची नाही. मी पुण्यात आयटीत लागलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या पोरगा सेटल झाला. आजी म्हणाली, सेटल नको म्हणू, कामाला लागला म्हण.

बाकी धागा मस्त चाललाय, चालू द्या.

मास्तरीण_नारायणपेठ
हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी उगाच बस्तान म्हणून मोकळी झाले होते.

सिमेंट_आणि_मी
दादा, हे माहीत नव्हतं. मी आपला पायाचे विनोद करत बसलो.

सातबारा
सेटलमेंटचा अजून एक अर्थ पुण्यातच आहे. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय इथे आहे ना, त्यांना इंग्रजीत सेटलमेंट कमिशनर म्हणतात. शेतसारा ठरवणं म्हणजे सेटलमेंट. जमाबंदी हा शब्द मला आवडतो, जमा आणि बंदी, सरकारचं सगळं आलं त्यात.

बिनधास्त_बाणेर
आणि ज्या ऑफिसात सेटिंग लागते ते कोणतं 😜

सातबारा
नाव घेत नाही. एका ठिकाणी माझा फेरफार आठ महिने अडला होता, बाहेरचा चहावाला म्हणाला "सेटिंग लावू का साहेब?" मी म्हटलं किती. म्हणाला "ते आत बसतील त्यावर आहे". लावली नाही. नवव्या महिन्यात झाला. चहा मात्र चांगला होता.

शनिवारकर
"ते आत बसतील त्यावर". सेटिंग आणि बसणे एकाच वाक्यात. बाईंचा मुद्दा चहावाल्याने सिद्ध केला.

नेट_सेट_रिसेट
आमच्या पोरांच्या भाषेत सेटिंग म्हणजे पोरगा पोरगी. "त्याची सेटिंग आहे तिच्याशी". काकांनो, याला जुना शब्द काय?

खडूस_काका_६२
सूत जुळणे. खिळेजुळवेंना विचारा, जुळवणे हा शब्द किती कामाचा आहे.

जुना_शटलर
दातांचा सेट राहिला. आमच्या वयात तोच महत्त्वाचा.

अबोली_कर्वेनगर
जुना शटलर, तुम्ही कुठे राहता? माझ्या घरात कॅमेरा आहे का? 😄

झालं असं की काल रात्री मी सगळा धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. बिनखिडकीच्या घराला खूप हसल्या, सोलापूरच्या आजींचं ऐकून गप्प झाल्या, काकांच्या पिठल्याला मान हलवली. संपल्यावर मी विचारलं की आई, तुम्हाला त्या दिवशी नेमकं कुठलं सेट कळत नव्हतं? तर म्हणाल्या "तुझं कुठलंच नाही गं. मला त्या दातांच्या डॉक्टरचं कळलं नव्हतं."

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी कवळी करून घेतली. डॉक्टर कवळी हातात देत म्हणाले होते, "आजी, सेट दिलाय, सेट व्हायला पंधरा दिवस लागतील." सासूबाईंनी अर्थ लावला की हा नमुन्याचा, खरा सेट तयार व्हायला पंधरा दिवस. म्हणून हा नीट धुऊन, पुसून, डबीत, डबी देवघराच्या खणात. आणि तेव्हापासून बाई दुधात पोळी कुस्करून खातायत आणि आम्हाला वाटतंय दुखत असेल म्हणून वापरत नाहीत. पंधरा दिवस उलटले, दवाखान्यातून फोन येईना, मग मला विचारायला लागल्या की सेट म्हणजे काय!

मी म्हटलं अहो आई, घालून ठेवायची, मग हळूहळू बसते. त्यावर मला म्हणाल्या, "मग बसेल म्हणावं की, सेट कशाला म्हणाला मेला."

आज सकाळपासून घातलीये. हिरडीला टोचतेय म्हणतात, उद्या साडेदहाला जाऊन जरा घासून आणू. आत्ता चकली मागितलीये.

मास्तरीण_नारायणपेठ
पहिल्याच दिवशी चकली नको हो. मऊ काहीतरी द्या.

खडूस_काका_६२
पिठलं द्या. आळलेलं.